ड्रोन पाडायचा हक्क कुणाचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ड्रोननं जमिनीचे नकाशे काढायचं काम करतो, हंगामात दोन-चार लग्नांचं शूटिंगही. शेतात पेटी उघडली की आधी पोरं जमतात. मग कुणीतरी काका चपला वाजवत येतात आणि विचारतात, "परवानगी आहे का?" त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "असं भलत्यानं कुणी आमच्यावर उडवलं, तर पोलीस पाडू शकतात का हो?" २०२५ च्या मे महिन्यापासून तर हा दुसरा प्रश्नच आधी येतो. तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून इथे एकदाचं लिहून ठेवतोय. मी वकील नाही. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असेल तर हे वाचत बसू नका, वकील गाठा.

ड्रोनचा धोका रोखण्यासाठी आपल्याकडे वेगळा असा कायदा आहे का?

एकच एक असा कायदा नाही. आहे ती गोधडी, जुन्या-नव्या कायद्यांचे तुकडे जोडून शिवलेली.

अमेरिकेनं २०१८ मध्ये कायदा करून तिथल्या गृहसुरक्षा आणि न्याय खात्यांना स्पष्ट सांगितलं, की अमक्या परिस्थितीत ड्रोनचा माग काढा, सिग्नल तोडा, गरज पडली तर पाडा. ब्रिटननं २०२१ च्या कायद्यात पोलिसांना ड्रोन खाली उतरवायला लावण्याचे आणि झडतीचे अधिकार दिले. आपल्याकडे मुख्य कापड म्हणजे ड्रोन नियम, २०२१. ते २५ ऑगस्ट २०२१ ला आले, १९३४ च्या विमान कायद्याखाली. तो कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला, ड्रोनचे नियम मात्र तेच चालू राहिले. त्याला ठिगळ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ चं, म्हणजे आपल्या ओळखीच्या जुन्या, जमावबंदीच्या १४४ चं. संरक्षण ठिकाणांजवळ १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा येतो. सिग्नल जॅम करायचा म्हटलं की दूरसंचाराचे कायदे येतात.

गोंधळाचं मूळ राज्यघटनेतल्या याद्यांमध्ये आहे. हवाई वाहतूक केंद्राकडे, बिनतारी लहरी केंद्राकडे, संरक्षण केंद्राकडे. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्याकडे. म्हणजे ड्रोन उडतो केंद्राच्या आकाशात, बोलतो केंद्राच्या लहरींवर आणि पडतो राज्याच्या डोक्यावर.

हिरवा, पिवळा, लाल झोन म्हणजे काय?

केंद्र सरकारनं डिजिटल स्काय या मंचावर देशाच्या आकाशाचा नकाशा ठेवला आहे. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर, परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा झोन, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही.

मुंबईचा नकाशा उघडून बघा. विमानतळ शहराच्या पोटात, जुहूची धावपट्टी शेजारीच, कुलाब्याकडे नौदल, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, आणि आता खाडीपलीकडे नवी मुंबईचा विमानतळ. हिरवं शोधायला भिंग लागतं. पुण्यात लोहगाव हवाई दलाचं, खडकवासल्याला एनडीए, पाषाणला संरक्षण प्रयोगशाळा. नाशिकला देवळालीचं तोफखाना केंद्र आणि ओझर. गोव्यात दाबोळीचा विमानतळ मुळात नौदलाचा तळ, तेव्हा वास्को परिसरात समुद्र कितीही सुंदर दिसत असला तरी पेटी बंदच ठेवलेली बरी. जुलै २०२१ मध्ये नौदलानं जाहीर सूचनाच काढली होती, की आमच्या तळांच्या ३ किलोमीटरच्या आत विनापरवाना ड्रोन दिसला तर तो नष्ट किंवा जप्त केला जाईल.

पोलीस स्वतःहून एखादा भाग बंद करू शकतात का?

हो, आणि इथे दोन वेगळे रस्ते आहेत. बहुतेक लोक त्यांची सरमिसळ करतात, कधी कधी पोलीसही.

पहिला रस्ता ड्रोन नियमांचा. तातडीची गरज असेल तर राज्य सरकार किंवा पोलीस तात्पुरता लाल झोन जाहीर करू शकतात. अधिकारी किमान पोलीस अधीक्षक दर्जाचा हवा. मुदत एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास. जाहीर करायचं डिजिटल स्कायच्या नकाशावर, आणि नियमांत असंही म्हटलंय की झोनचा आकार गरजेपुरताच हवा. पंतप्रधानांचा दौरा, एखादी मोठी सभा, दंगलीची भीती अशा वेळी हे हत्यार नेमकं बसतं. पायलट सकाळी नकाशा बघतो, लाल दिसला की घरी बसतो.

दुसरा रस्ता कलम १६३ चा. जिल्हाधिकारी, किंवा आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस, लेखी आदेश काढतात. तो दोन महिन्यांपर्यंत चालतो. राज्य सरकारला वाटलं तर पुढे सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो. हा आदेश डिजिटल स्कायवर दिसेलच असं नाही. वर्तमानपत्रात, पोलिसांच्या संकेतस्थळावर, नाहीतर व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या तिरप्या फोटोत तो सापडतो.

आता ठेवा दोन्ही शेजारी. ज्या नियमांना ड्रोन कळतो, ते पोलिसांना चार दिवस देतात. ज्या कलमाच्या डोळ्यांसमोर मुळात जमाव होता, ते साठ दिवस देतं. साहेब कुठला कागद काढतील, सांगायला नको.

मुंबईत ड्रोनबंदीचा आदेश सतत निघत असतो. तो कायदेशीर आहे का?

आदेश काढायचा अधिकार आहेच. मुंबई पोलिसांच्या आदेशात ड्रोन, रिमोटवर चालणारी हलकी विमानं, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून असं सगळं एका दमात येतं, आणि दहशतवादी याचा वापर करू शकतात असं कारण दिलेलं असतं. पोलिसांची स्वतःची हवाई टेहळणी वगळलेली असते, आणि अभियान विभागाच्या पोलीस उपायुक्तांची लेखी परवानगी असेल तर तुम्हीही वगळले जाता. आदेश मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३: सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जिवाला धोका झाला असेल तर एक वर्ष किंवा ५,००० रुपये, किंवा दोन्ही.

प्रश्न आहे तो सतत काढण्याचा. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या खटल्यात, अनुराधा भसीन प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की १४४ चे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा दुरुपयोग ठरेल. १६३ हे त्याच कलमाचं नवं नाव. मुंबईची सुरक्षेची चिंता खोटी आहे असं मी म्हणत नाही. २६/११ पाहिलेल्या शहराला ती असणारच. पण महिना संपला की तारखा बदलून तोच आदेश निघतो, तेव्हा तो तातडीचा उपाय राहत नाही, तो न बोलता केलेला कायदा होतो. आणि असा कागद थांबवतो कुणाला? कागद वाचणाऱ्याला. ज्याला स्फोटकं टाकायची आहेत तो काही आदेशाची प्रत मागायला पोलीस ठाण्यात येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

एवढी धास्ती घेण्यासारखं खरंच काही घडलंय का?

घडलंय. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाबातल्या तरणतारण जिल्ह्यात सीमेपलीकडून ड्रोननं टाकलेली हत्यारं सापडली, एके रायफलींसह. तेव्हापासून तो रस्ता बंद झालेला नाही. हेरॉइनची पाकिटं, पिस्तुलं, दारूगोळा येतच राहिला. सीमा सुरक्षा दलानं पंजाबच्या सीमेवर २०२३ मध्ये १०७ ड्रोन पकडले, २०२४ मध्ये २९४. यातले बरेचसे बाजारात मिळणारे साधे चिनी ड्रोन, खाली दोरीला पाकीट लटकवलेले.

२७ जून २०२१ च्या पहाटे दोन वाजायच्या आत जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोननं दोन छोटे बॉम्ब टाकले. एक इमारतीच्या छतावर फुटला, दुसरा मोकळ्या जागेत. दोन जवान किरकोळ जखमी झाले, विमानांना काही झालं नाही. नुकसान लहान होतं, पण आपल्या लष्करी तळावरचा तो पहिलाच ड्रोनहल्ला. दिल्लीत त्यानंतर झोप उडाली ती उडालीच. गंमत अशी की, त्यानंतर दोनच महिन्यांत आलेले ड्रोन नियम आधीच्यापेक्षा बरेच सैल होते. सरकारनं तेव्हा उद्योग आणि सुरक्षा यांत सरसकट गल्लत केली नाही, याचं श्रेय द्यायला हवं.

मग मे २०२५. ऑपरेशन सिंदूरनंतर ८ आणि ९ मे च्या रात्री पाकिस्ताननं लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन सोडल्याचं सरकारनं पत्रकार परिषदेत सांगितलं. हे लष्करी काम, त्याला कलम १६३ शी काही देणंघेणं नाही. पण तेव्हापासून गावोगावच्या लोकांच्या डोक्यात 'ड्रोन' या शब्दाचा अर्थ बदलला, तो माझ्या पेटीभोवती जमणाऱ्या गर्दीत मला दिसतो.

बरं, मग पाडायचा अधिकार नेमका कुणाला?

सीमेवर आणि लष्करी तळांवर सैन्यदलांना आणि सीमा सुरक्षा दलाला, यात वाद नाही. दिल्लीत स्वातंत्र्यदिनाला लाल किल्ल्यावर डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची ड्रोनविरोधी यंत्रणा २०२० पासून उभी राहते. विमानतळ, अणुकेंद्र, मोठे व्हीआयपी दौरे इथे केंद्रीय यंत्रणा असतात. नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं २०१९ मध्ये बेकायदा ड्रोनविरोधात राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. कुठलं ठिकाण किती महत्त्वाचं आणि तिथे कसली यंत्रणा असावी, याचा विचार त्यात आहे.

राज्यांमध्ये पंजाबनं ऑगस्ट २०२५ मध्ये तरणतारणमध्ये 'बाज अख' नावाची स्वतःची यंत्रणा सुरू केली. बाकी बहुतेक ठिकाणी साध्या पोलीस ठाण्याकडे काय असतं? वायरलेस, लाठी आणि वर बघणारा शिपाई. जीव वाचवण्यासाठी समोरचा धोका मोडून काढायचा अधिकार त्यालाही आहे. पण गर्दीवर घिरट्या घालणारा ड्रोन गोळीनं पाडायचा, तर चुकलेली गोळी कुठे जाईल आणि ड्रोन कुणाच्या टाळूवर पडेल, याचा हिशोब त्यालाच द्यावा लागणार.

ड्रोन पाडतात तरी कसा?

आधी तो दिसावा लागतो, आणि हेच सगळ्यात अवघड आहे. दोन किलोच्या आतला ड्रोन रडारवर पक्ष्यासारखा दिसतो. मुंबईच्या आकाशात तर घारींची कमी नाही. म्हणून रडारच्या जोडीला रेडिओ लहरी ऐकणारी यंत्रं, दिवसा-रात्री बघणारे कॅमेरे, कधी आवाज टिपणारे मायक्रोफोन अशी फौज लावतात.

सापडला की पहिला उपाय जॅमिंग. साध्या ड्रोनचा रिमोट २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर बोलतो. या लहरींवर गोंगाट केला की पायलटचा हात सुटतो. हात सुटला की बहुतेक ड्रोन आपोआप जिथून उडाले तिथे परततात. हुशार पोलीस अशा वेळी ड्रोन न पाडता त्याच्या मागे गाडी पळवतात, कारण मालक तिथेच उभा सापडतो. उपग्रहांचा सिग्नलही तोडला तर ड्रोनला आपण कुठे आहोत हेच कळत नाही, मग तो वाऱ्यावर वाहतो किंवा हळूहळू खाली बसतो. खोटा उपग्रह सिग्नल देऊन त्याला भलतीकडे नेणं हा पुढचा प्रकार.

शहरातली अडचण अशी, की २.४ गिगाहर्ट्झवर तुमच्या घरचं वायफायही चालतं. जॅमर चालू केला की फक्त ड्रोनच गप्प बसेल याची खात्री नाही. शिवाय आधीच रस्ता आखून सोडलेल्या ड्रोनला रिमोट लागतच नाही. युक्रेनच्या युद्धात तर ड्रोन पाठीमागे कित्येक किलोमीटर बारीक फायबरची तार सोडत जातात. तिथे लहरींचा प्रश्नच येत नाही.

मग उरतं ते तोडफोडीचं काम: जाळं, दुसरा ड्रोन, लेझर, तोफ. डीआरडीओनं एप्रिल २०२५ मध्ये कर्नूलला ३० किलोवॅटच्या लेझरची चाचणी घेतली. पण सिंदूरच्या वेळी कामाला आल्या त्या एल-७० सारख्या जुन्या विमानविरोधी तोफा, ज्यांना लोक म्युझियमच्या वाटेवर बघत होते.

आमच्या गावावर रात्री ड्रोन फिरतात. चोर रेकी करतायत का?

२०२४ च्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात पुणे जिल्ह्यापासून मराठवाड्यापर्यंत किती गावांनी या भीतीनं रात्री जागून काढल्या! त्याच दिवसांत शिरूर तालुक्यात माझं एका जमिनीचं काम होतं. ढग होते म्हणून उशीर झाला, शेवटचं उड्डाण परतायला सहा वाजून गेले. अचूक नकाशासाठी आम्ही जमिनीवर चुन्याच्या फुल्या मारतो, वरून फोटोत दिसाव्यात म्हणून. स्वामित्व योजनेत गावठाणं मोजतानाही चुना टाकूनच हद्दी दाखवल्या जातात. पण त्या संध्याकाळी गावात कुणीतरी सांगितलं, की घरांजवळ पांढऱ्या खुणा करणारे आलेत आणि वर लाल-हिरवा दिवा आहे. झालं. वीस मिनिटांत पन्नास-साठ माणसं. गाडीची किल्ली काढून घेतली. ड्रोन तेव्हा वरच होता, बॅटरी ३१ टक्के, आणि उतरायच्या जागेवर माणसं उभी.

"दादा, जरा बाजूला व्हा, पंखा लागेल," एवढंच मी म्हणत होतो. ज्यांनी मला ओळखलं त्या शेतमालकाच्या आईनं आरडाओरडा करून जागा मोकळी केली. पुढे पोलीस आले. हवालदार समजूतदार होते. म्हणाले, नोंदणीचा नंबर दाखवा. नंबर ड्रोनच्या पोटाखाली, बॅटरीच्या खाचेजवळ, तांदळाएवढ्या अक्षरांत. त्यांनी मोबाइलची टॉर्च लावली, चष्मा कपाळावर सारला, ड्रोन उलटा करून नाकाशी धरला, तेव्हा तो वाचता आला.

हे सांगायचं कारण असं. ड्रोन हातात आल्यावर नंबर वाचायला त्या माणसाला दोन मिनिटं लागली. १०० मीटरवरचा ड्रोन कुणाचा, हे तो जमिनीवरून कसं सांगणार? नियमांत याचं उत्तर लिहून ठेवलंय. परवानगीशिवाय उडूच न शकणारी यंत्रणा, थेट ठिकाण सांगणारा बीकन, ठरावीक हद्द ओलांडू न देणारं कुंपण, या गोष्टी केंद्र सरकार पुढे सक्तीच्या करू शकेल आणि त्यासाठी किमान सहा महिने देईल, असं २०२१ च्या नियमांत आहे. माझ्या मते सगळ्या सुरक्षेची किल्ली तो बीकन आहे. नोंदणी असलेला ड्रोन आपलं नाव ओरडून सांगतोय असं झालं, की जो गप्प आहे तो संशयित. आज आकाशातले सगळेच गप्प.

बाकी रेकीचं म्हणाल, तर साध्या ड्रोनची बॅटरी वीस ते चाळीस मिनिटं चालते, अंधारात साध्या कॅमेऱ्याला काही दिसत नाही, आणि आवाज अख्ख्या वाडीला जागं करतो. चोरासाठी हे फार महागडं आणि बोभाटा करणारं हत्यार आहे. बऱ्याचदा ते उंचावरून जाणारं विमान असतं. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर डिसेंबर २०१८ मध्ये ड्रोन दिसल्याच्या बातमीनं सुमारे हजार उड्डाणं रद्द झाली किंवा वळवली, १ लाख ४० हजार प्रवासी अडकले, एक जोडपं पकडून सोडून दिलं, आणि ड्रोन कधी सापडलाच नाही. मग आपल्या वाडीला का हसायचं? दिवा दिसला तर व्हिडिओ काढा, वेळ आणि दिशा लिहा, ११२ ला फोन करा. अनोळखी माणसाला हात लावू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तर प्रदेशात रायबरेली जिल्ह्यात अशाच 'ड्रोनवाल्या चोरां'च्या अफवांमध्ये एका निरपराध माणसाला जमावानं मारून टाकलं.

शेजाऱ्याचा ड्रोन माझ्या गच्चीवर येतो. मी दगड मारून पाडू शकतो का?

नाही. मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा तुमच्यावरच लागेल, आणि बॅटरी फुटून आग लागली तर आणखी काही. तक्रार करा. घरातल्या बाईमाणसाचं चोरून चित्रीकरण होत असेल तर न्याय संहितेचं कलम ७७ आहे, ते गंभीर आहे, पोलिसांना ते नाव घेऊन सांगा.

ऑनलाइन ड्रोन जॅमर मिळतो. फार्महाउसवर लावू का?

अजिबात नको. खासगी माणसाला किंवा कंपनीला जॅमर विकत घेता येत नाही, वापरताही येत नाही. दूरसंचार विभागानं २०२२ मध्ये हे जाहीर सांगितलं, विक्री करणाऱ्या संकेतस्थळांनाही तंबी दिली. तुमचा जॅमर ड्रोन थांबवेल तेव्हा थांबवेल, आधी शेजारच्यांचे फोन बंद पाडेल.

पोलिसांनी ड्रोन जप्त केला तर?

हुज्जत घालू नका, कागद मागा. जप्ती पंचनामा व्हायलाच हवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण सक्तीचं आहे. पंचनाम्यात ड्रोनचा नंबर, बॅटऱ्या किती, आणि मुख्य म्हणजे मेमरी कार्ड, हे वेगवेगळं लिहिलंय का बघा. कार्ड लिहायचं राहून जातं आणि मग महिन्याचं काम हवेत जातं. पुढे मुद्देमाल परत मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करता येतो, हमीपत्रावर मिळतोही. ड्रोन नियमांखालचा दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे, तो वेगळा.

माझ्या एका मित्राचा ड्रोन असाच पाच महिने कपाटात पडून होता. सुटला तेव्हा तीनही बॅटऱ्या फुगलेल्या. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी ठेवली की मरते, हे पंचनाम्यात कुठे लिहायचं?

२५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला सगळं माफ आहे ना?

माफ आहे ते रिमोट पायलटचं प्रमाणपत्र आणि विमा. लाल झोन, कलम १६३, दुसऱ्याचा खासगीपणा यातलं काही माफ नाही. नोंदणीतूनही सुटका झाली असं समजू नका. २०१८ च्या जुन्या नियमावलीत नॅनोला, म्हणजे या २५० ग्रॅमच्या आतल्यांना, काही मोकळीक होती, तीच अजून लोकांच्या डोक्यात बसली आहे.

इथे एक उघड गुपित सांगून टाकतो. नोंदणीसाठी बहुतेक ड्रोनना मान्यताप्राप्त प्रकाराचं प्रमाणपत्र लागतं. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन वगळून. तरी लग्नाच्या मांडवावर फिरतो तो बहुतेकदा चिनीच असतो. कुठून येतो ते नवरदेवाचा मामाही विचारत नाही. म्हणजे सरकारच्या नोंदवहीत जे ड्रोन आहेत ते शेतातले आणि मोजणीतले. आणि गर्दीच्या डोक्यावर जे फिरतात त्यातल्या कित्येकांचा पत्ताच नाही. सुरक्षेचा विचार करायचा तर सुरुवात इथून करा.

फवारणीच्या ड्रोनला पोलीस अडवू शकतात का?

हिरव्या झोनमध्ये, नोंदणी आणि पायलटचं प्रमाणपत्र असेल तर सहसा अडचण येत नाही. पण जिल्ह्यात १६३ चा सरसकट आदेश असेल तर तो सोयाबीन आणि सभा यांत फरक करत नाही. बचत गटाच्या ताईंनी नमो ड्रोन दीदी योजनेतला ड्रोन आणला असेल, तर पोलीस ठाण्यात आधी एक पत्र देऊन पोच घेतलेली बरी. कायदा मागतो म्हणून नाही, फोन आल्यावर ठाणे अंमलदाराला माहीत असावं म्हणून.

पोलीस स्वतः ड्रोन वापरतात, त्यांना नियम लागतात का?

ड्रोन नियम लष्कर, नौदल आणि हवाई दलाला लागू नाहीत. पोलीस त्या ओळीत नाहीत, त्यांना सूट हवी तर ती वेगळी घ्यावी लागते. आषाढी वारीत, गणेश विसर्जनात पोलिसांचे ड्रोन गर्दीवर असतात आणि चेंगराचेंगरी टाळायला त्यांचा उपयोग होतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यात टिपलेले चेहरे किती दिवस ठेवतात, कोण बघतं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो रिंगणात उभ्या असलेल्या वारकऱ्यालाही आहे.

नवा कायदा येतोय म्हणे?

नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये सिव्हिल ड्रोन विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्यात नोंदणी, विमा यांच्या जोडीला झडती-जप्तीचे अधिकार आणि कैदेची शिक्षा आहे. ड्रोन बनवणाऱ्यांनी आणि उडवणाऱ्यांनी कैदेच्या तरतुदीवर बरीच ओरड केली, आणि मीही त्यांच्यातलाच. नकाशा अपडेट झालेला नव्हता म्हणून चुकलेल्या पायलटला आणि हेरॉइन टाकणाऱ्याला एकाच दारातून आत नेऊ नका, एवढीच मागणी.

घारी पाळून ड्रोन पकडतात हे खरं का?

खरं आहे. नेदरलँड्सच्या पोलिसांनी गरुडांना शिकवून पाहिलं आणि पुढे नाद सोडला. आपल्या लष्करानं नोव्हेंबर २०२२ मध्ये उत्तराखंडात औलीला अमेरिकेबरोबरच्या सरावात अर्जुन नावाची घार दाखवली होती. आमच्याकडे न शिकवलेल्या घारीही झडप घालतात, विशेषतः घरट्याजवळ. तेव्हा ड्रोन खाली किंवा बाजूला पळवू नका. रिमोटची काडी पूर्ण वर ढकला, सरळ उंच न्या. घारीला तसं उभं चढता येत नाही.